बाहुलीघर, भातुकली आणि माथेरानचा बंगला

दस्तुरीपासून चालत इथवर आलात, कुणी घोड्यावर आलात, तेव्हा आधी दम घ्या. आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असणार. बाहुलीघरावर व्याख्यान? तेही मोठ्या माणसांसमोर? पण हा मोठ्या माणसांचाच छंद आहे, आणि सुरुवातीपासून तसाच होता. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन या बाईंचं बाहुलीघर आहे, सतराव्या शतकाच्या अखेरीचं. ते मुलांच्या हातात द्यायला केलेलंच नव्हतं. श्रीमंत घरातल्या बाईनं आपलं वैभव कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवावं, एवढ्यासाठी ते होतं.

आपल्याकडे हा छंद गेल्या काही वर्षांत किटच्या खोक्यातून आला. प्लायवुडचे कापलेले तुकडे, छापलेला वॉलपेपर, बोटभर सोफा, एलईडीचा दिवा, गोंदाची ट्यूब. चार-पाच रविवार बसलं की घर तयार. मला या खोक्यांबद्दल आकस नाही. हात स्थिर होतो, डोळा बसतो. माझी तक्रार वेगळी आहे. या घरांवर बोलताना आपण एकच गोष्ट म्हणतो : ‘किती बारीक काम!’ बारीक काम हे कौशल्य झालं. समीक्षेला त्यापुढचा प्रश्न विचारावा लागतो. हे घर चालतं कसं? पाणी कुठून येतं, स्वयंपाक कुठे होतो, केर कोण काढतं? आज हाच निकष लावून बघूया.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध बाहुलीघर घेऊ. इंग्लंडच्या राणी मेरीचं, विंडसर कॅसलमधलं. १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झालं. वास्तुरचनाकार कोण, तर एडविन लट्यन्स. म्हणजे त्याच काळात नवी दिल्ली उभारत असलेला माणूस फावल्या वेळात एकास बारा प्रमाणाचं घर करत होता. एकास बारा म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तो इथं एक इंच. नळाला गरम आणि गार पाणी, चालणारी लिफ्ट, विजेचे दिवे, तळघरात खरी दारू भरलेल्या चिमुकल्या बाटल्या. ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी मुद्दाम लिहून दिलेली पुस्तकं. कॉनन डॉयलनं त्यासाठी शेरलॉक होम्सची छोटीशी गोष्ट लिहिली.

हे सगळं राजेशाही थाटाचं प्रदर्शन आहे, मान्य. १९२४ साली वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते मांडलंही गेलं. पण एक गोष्ट लट्यन्सच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. त्या घरात नोकरांच्या खोल्या आहेत. मोठं स्वयंपाकघर आहे. भिंतींच्या आत नळ आहेत, तारा आहेत. घर चालवायला काय लागतं, ते त्यानं लपवलं नाही. आणि आपली किटं बघा. त्यात वाचनाचा कोपरा असतो, पियानो असतो, खिडकीत फुलं असतात, मोरी नसते. राणीच्या घरात जे आहे ते आपल्या मध्यमवर्गीय खोक्यात नाही. गंमत आहे की नाही?

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे बाहुलीघर नव्हतं, पण भातुकली होती. पुण्याचे विलास करंदीकर यांनी जमवलेल्या भातुकलीचं प्रदर्शन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. हजारो वस्तू. पितळेचं घंगाळ, तांब्याचा बंब, जातं, पाटा-वरवंटा, सूप, रवी, झारा, शेगडी. सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत लाकडी भातुकली तर तुम्ही विकतही घेतली असेल. या सगळ्या पसाऱ्यात काय नाही ते आधी बघा. भिंत नाही, छप्पर नाही, दिवाणखाना नाही. आहे ते सगळं कामाचं सामान.

आणखी एक. भातुकलीला ठरलेलं प्रमाण नसतं. पातेलं जात्यापेक्षा मोठं असलं तरी चालतं, कारण माप आहे पोरीच्या हाताचं. त्या जात्यात चिमूटभर डाळ भरडता आली पाहिजे, पातेल्यात चुरमुरे-गूळ कालवता आला पाहिजे. बाहुलीघर डोळ्यासाठी असतं, भातुकली हातासाठी. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. अर्थात तिचं कौतुक करताना एक टोचणारी गोष्ट विसरायची नाही : ती पोरीला चुलीपाशी बसायला शिकवायची. काम दिसत होतं खरं, पण कुणी करायचं तेही आधीच ठरलेलं होतं.

तिसरा आपला प्रकार दिवाळीतल्या किल्ल्याचा. माती, दगड, पोती, वर पेरलेले अळीव. तिथं तर प्रमाणाचा पत्ताच नसतो. मावळा दरवाज्यापेक्षा उंच, गुहेतला वाघ तोफेएवढा. पण किल्ला उभा राहिला की पोरं पहिल्यांदा काय मागतात? चित्रं. मावळे, पहारेकरी, गवळण. माणसांवाचून किल्ला पुरा होत नाही. किटमधलं घर माणसांवाचून पुरं होतं. उलट माणूस ठेवला तर ते बिघडतं, असं करणारे सांगतात.

आता माथेरान. इथं बसून इथल्याच घराबद्दल बोललं नाही तर पाप लागेल. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, आणि मग मुंबईच्या साहेबांनी, पारशी, बोहरी धनिकांनी इथं बंगले बांधले. तसा एक बंगला मी करायला घेतला. कुठला खास नाही, चार-पाच बंगले बघून मनानं बेतलेला. त्यात जे चुकलं ते सांगतो, कारण या प्रकारातले सगळे पेच त्यात आले.

पहिला पेच आकाराचा. साठ फूट लांबीचा बैठा बंगला एकास बारानं केला तर पाच फूट होतो. दिवाणखान्यात कुठे ठेवणार? म्हणून एकास चोवीस घेतलं, अडीच फूट. युरोपातलं बाहुलीघर कपाटात बसतं, कारण तिथलं शहरी घरच अरुंद आणि उभं असतं, मजल्यावर मजला. समोरची भिंत दारासारखी उघडली की सगळं घर दिसतं. आपला बंगला आडवा पसरतो. मध्ये काळोख्या खोल्या आणि भोवती व्हरांडा. समोरची भिंत उघडायची तर व्हरांडाच निघून येतो, आणि व्हरांडा काढला तर राहिलं काय? बरेच जण छप्पर उचलता येईल असं करतात. मीही केलं. चूक केली. मंगलोरी कौलांची उतरती सावली हाच त्या बंगल्याचा प्राण. वरून बघणाऱ्याला नकाशा दिसतो, घर दिसत नाही. आता माझं मत असं, की छप्पर पक्कं बसवावं, बंगला टेबलाच्या उंचीवर ठेवावा आणि बघणाऱ्याला वाकायला लावावं. आतलं थोडं दिसेल. खऱ्या बंगल्यातही रस्त्यावरून तेवढंच दिसतं.

दुसरा पेच सामानाचा. मंगलोरी कौल साधारण एक्केचाळीस सेंटिमीटर लांब. एकास चोवीसला ते पावणेदोन सेंटिमीटर होतं. ते जाड पुठ्ठ्याचं होतं, काही अडत नाही. पण इथली लाल माती? मी हौसेनं नेली आणि अंगणात पसरली. प्रत्येक कण खडीएवढा दिसायला लागला! मातीला प्रमाण नसतं, पाण्याच्या थेंबाला नसतं, कापडाच्या जाडीला नसतं. पडदा टांगला तर पत्र्यासारखा ताठ राहतो. मग गोंदाच्या पाण्यात बुडवून, टाचण्या लावून चुण्या पाडायच्या. माती वस्त्रगाळ करायची. लहान करणं म्हणजे नुसतं भागाकार करणं नव्हे, हे इथं कळतं.

तिसरा पेच मला दिसलाच नव्हता. तो दाखवला इथल्याच एका आजींनी. त्यांचं बालपण एका बंगल्याच्या मागच्या आवारात गेलं. माझा बंगला त्यांनी वाकून, चष्मा सावरून बघितला. म्हणाल्या, “छान केलाय हो. सैपाकघर कुठंय पण?” मी म्हटलं, “आजी, ते मागं वेगळं असायचं, फळीवर मावलं नाही.” त्या म्हणाल्या, “मग आम्ही पण नाही मावलो.”

बोलायला काही राहिलं नाही. या बंगल्यांत स्वयंपाकघर मुख्य घरापासून तुटक, मागच्या अंगाला असायचं. धूर आणि आगीची भीती नको म्हणून, आणि नोकर नजरेआड राहावेत म्हणूनही. तिथंच खोल्या. मी प्लायवुडची फळी दोन फूट बाय तीन फूट कापली होती. ती कुठे कापायची हा निर्णय मला तेव्हा सुतारकामाचा वाटला. काय दाखवायचं आणि काय नाही, ते खरं तर तिथंच ठरून गेलं होतं.

आपल्या गाडीचंच बघा. नेरळहून वर येते तिला आपण टॉय ट्रेन म्हणतो, खेळण्यातली गाडी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती उभी केली, १९०७ साली सुरू झाली. रूळांमधलं अंतर दोन फूट. ते गमतीसाठी लहान ठेवलेलं नाही. या घाटात इतकी तीव्र वळणं घ्यायची तर रूळ अरुंदच लागतात. लहानपणामागे कारण आहे, कष्ट आहेत. ‘खेळणं’ म्हटलं की तो डोंगर फोडणारे हात पुसले जातात. शब्दसुद्धा फळी कापतो.

आणि आता रिक्षा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं माणुसकीला धरून नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी ई-रिक्षा द्या ही मागणी रिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेनं लावून धरली होती. चांगलं झालं. पण मला एक नक्की दिसतंय. रिक्षा रस्त्यावरून गेली की शोकेसमध्ये येणार. लाल सीट, काळं हूड, चकचकीत चाकं. फार गोड दिसेल ती. ती रिकामी असेल. पुढे ओढणारा नसेल, चढावर मागून ढकलणारे नसतील. ज्यांनी ती बंद व्हावी म्हणून धडपड केली, त्यांनाच आपण मॉडेलमधून वगळलेलं असेल.

मग करायचं काय? छंद सोडायचा? मुळीच नाही. फळी मोठी घ्या. ती मोठी होत नसेल तर बंगला अर्धाच दाखवा, पण मागचा अर्धा. सैपाकघर करा, त्याच्या भिंतीला काजळी लावा. भातुकलीतलं जातं ठेवलंत आणि ते प्रमाणात बसलं नाही, तरी हरकत नाही. माणूस जमत नसेल तर त्याच्या खुणा ठेवा : पायरीवर काढलेल्या चपला, वाळत घातलेलं लुगडं, पाण्याची घागर. मी आता तसं करतोय. बंगल्याच्या मागे दुसरी फळी जोडली आहे. सांधा उघड दिसतो. तो मी लपवणार नाही.

आजी म्हणाल्या होत्या, चूल उजव्या हाताला होती आणि लाकडं दाराबाहेर रचलेली असायची. तेवढं करून झालं आहे. पुढचं त्यांना विचारायला उद्या जायचं आहे. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.