आकडा बरोबर, नाव फसवं

भिवंडीत बोलतोय, तर सुतापासूनच सुरू करतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, 1000 मीटरचं वजन म्हणजे टेक्स. दोन्हींच्या मधला स्थिरांक 9. आता प्रोग्रॅममध्ये कुणी नुसतं ‘डेनियर_टेक्स = 9’ लिहिलं, तर गुणायचं की भागायचं? 150 डेनियरचे टेक्स होतात 16.67. चुकून गुणलंत तर 1350! 81 पट फरक. कापडाच्या वजनाचा सगळा हिशोब कोसळतो, आणि संगणक हूं की चूं करत नाही.

सायपाय ही पायथनमधली नावाजलेली वैज्ञानिक लायब्ररी. तिच्यातही ‘इंच’ म्हणजे 0.0254. गुणलं की मीटर मिळतात, नियम सरळ आहे. पण तो नावात दिसत नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये बघावा लागतो. माझा आक्षेप इथे आहे.

मग जुन्या नावाखाली नवा आकडा घालायचा? मुळीच नाही. लोकांचे प्रोग्रॅम चालत राहतील, उत्तरं मात्र गुपचूप बदलतील. त्यापेक्षा प्रोग्रॅम बंद पडलेला परवडला. नवं नाव द्या: ‘डेनियर_प्रति_टेक्स’. जुनं नाव जुन्याच किमतीसह राहू द्या, वापरलं की इशारा दाखवा, काही आवृत्त्यांनी काढा.

सायपायनेच 2016 मध्ये तापमानाच्या जुन्या फंक्शनांबाबत ही वाट धरली: पर्याय दिला, इशारा दिला, मग यथावकाश ती काढली. तीच शिस्त स्थिरांकांच्या नावांना का नको?