एल्फिन्स्टनचा अहवाल व राज्यकारभाराची कसोटी

पेशवाईच्या अस्तानंतर दक्षिणेचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलखाविषयीं ऑक्टोबर १८१९ मध्यें गव्हर्नर जनरलास अहवाल सादर केला. मराठी राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकांस हा ग्रंथ अपरिहार्य आहे. तथापि त्याचा आधार घेतांना त्यांतील वर्णन आणि त्यांतील धोरण यांचा स्वतंत्र विचार करणें अवश्य आहे.

वर्णनाच्या बाबतींत ग्रंथकाराची दृष्टि स्वच्छ आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या मक्तेपद्धतीवर तो कठोर टीका करितो. पण पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांनीं सांभाळलेला गांव वरचें राज्य ढळलें तरी तग धरतो, हेंही ओळखतो. पंचायतीच्या न्यायांतील विलंब दाखवून ती राखावी असेंच सुचवितो. मक्ता बंद करावा, प्रत्यक्ष लागवडीप्रमाणें हलका सारा घ्यावा व नवे प्रकार काढूं नयेत, हें त्याचें धोरण.

वैगुण्य आहे तें येथेंच. जुनी व्यवस्था राखावयाची, पण तिची सत्ता कलेक्टरच्या हातीं द्यावयाची, या दोन गोष्टी एकत्र नांदणें कठीण होतें. जमाबंदी थेट प्रत्येक कुळाशीं होऊं लागतांच गांवाच्या वतीनें रदबदली करणारा पाटील सरकारी चाकर बनला. १८२७ च्या कायदेसंग्रहानंतर न्याय अदालतींकडे वळला व पंचायती ओसरल्या. पुढें प्रिंगल यानें निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ सारा ठरविला. कागदावरील गणित मोठें बारीक. पण इंदापुराकडे शेतें ओस पडलीं, आणि १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांस नव्यानें आकारणी करावी लागली. मक्तेदाराची लूट थांबली हें खरें. परंतु ज्याच्या मुखानें रयतेचें गाऱ्हाणें वर जाई, तो मधला माणूसही दुबळा झाला.

तात्पर्य, साम्राज्याची कार्यक्षमता केवळ वसुलीच्या चोखपणावरून मोजूं नये. वरचा हुकूम चुकला असतां तो खालून दुरुस्त होण्याची सोय होती कीं नाहीं, हें पाहावें. प्रश्न केवळ गतकाळचा नव्हे. आमच्या अंबडास शेतांच्या जागीं कारखाने उभे राहिले, तरी जमिनीच्या उताऱ्यांतून त्या मोजणीचा वारसा अद्याप टिकून आहे.

विद्यार्थ्यांनीं हा अहवाल अवश्य वाचावा; मात्र त्याच्या शेजारीं पेशवे दफ्तरांतील गांवकीचे मोडी कागद ठेवावे. एकाच पक्षाच्या जबानीवर निवाडा करणें न्यायास धरून होत नाहीं.