गाण्यातली ‘ती’ कोण? उदास गाण्यांचा अर्थ लावताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या बरोबरीच्या दोघातिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरांना हा रॉकचा नाद कधी लागला? नाद वगैरे काही नाही. पण ‘अर्थ नेमका कुठे असतो?’ हा प्रश्न आमच्याच आळीतला आहे, आणि आपल्या या पट्ट्यात तो हल्ली वेगळ्याच वेषात आमच्यापुढे येतो. निगडीला, मोशीला, चाकणला कुठेही गेलो की एखादे वडील किंवा एखाद्या आई गाठतात. म्हणतात, “सर, मुलगा नाईट करून येतो, कानात ते घालतो आणि रडकी इंग्रजी गाणी ऐकत पडून राहतो. काय अर्थ असतो हो त्या गाण्यांचा?”

आता बघा, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. गाण्याचा अर्थ काय, हा एक. माझ्या मुलाला काय झालंय, हा दुसरा. विचारणाऱ्याला पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर हवं असतं. आज आम्हाला एवढंच सांगायचंय की हे प्रश्न वेगवेगळे आहेत. ते एकत्र कालवले की गाणंही हातचं जातं आणि मुलगाही.

त्यासाठी एकच गाणं नीट पाहू. आधी ‘इंडी’ हा शब्द. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. मोठ्या कंपन्यांच्या दारात न जाता छोट्या, स्वतंत्र कंपन्यांनी काढलेलं संगीत. इंग्लंडात मँचेस्टरला १९७८ साली अशी एक कंपनी निघाली. तिचं नाव काय असावं? फॅक्टरी रेकॉर्ड्स! आपल्याकडे हे नाव ऐकलं तर हजेरीपटाचं कपाट डोळ्यांपुढे येईल. पण तिथेही ते नाव उगाच नव्हतं. मँचेस्टर हे गिरण्यांचं शहर, आणि त्या काळात तिथले कारखाने बंद पडत होते. या कंपनीनं जून १९७९ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या चौघा तरुणांच्या बँडची पहिली एल.पी. तबकडी काढली, ‘अननोन प्लेझर्स’. तिच्यात एक गाणं आहे, ‘शीज लॉस्ट कंट्रोल’. नावाचा साधा अर्थ असा, की तिचा ताबा सुटला आहे.

गाणी लिहिणारा आणि गाणारा होता इयन कर्टिस. पोटापाण्यासाठी तो मॅकल्सफील्ड या गावच्या सरकारी रोजगार कार्यालयात नोकरी करायचा. मॅकल्सफील्ड म्हणजे रेशमाच्या गिरण्यांचं जुनं गाव. अपंग आणि आजारी माणसांना काम मिळवून देणं हे त्याचं काम. त्याच्याकडे एक मुलगी नोकरीच्या शोधात यायची. तिला अपस्माराचे झटके येत, आपल्याकडे ज्याला फिट येणं म्हणतात. पुढे ती यायची थांबली. चौकशी केल्यावर कळलं, की झटक्यातच ती गेली. हे गाणं त्या मुलीवरून आलेलं आहे.

आता गाणं ऐका. गळा काढून रडणं त्यात कुठेच नाही. आवाज सपाट, जवळजवळ अहवाल वाचल्यासारखा. खाली बास गिटारची एकच ओळ फिरत राहते. ढोल तर माणूस वाजवतोय की यंत्र, असा प्रश्न पडावा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ठोक्याबरोबर स्प्रेच्या डब्याचा फुस्स आवाज मिसळला होता. पेंट शॉपमध्ये काम केलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. शब्दांमधली मुलगी कोसळते, पण ठोका थांबत नाही, त्याचा वेगही कमी होत नाही. आमच्या मते या गाण्याचं सगळं दुःख तिथे आहे. बाई पडली तरी लाईन चालूच! असेंब्ली लाईनवर उभं राहिलेल्या माणसाला हे आम्ही काय समजावून सांगणार?

‘कंट्रोल’ हा शब्दही पाहा. तो वैद्यकीय आहे, म्हणजे शरीरावरचा ताबा. आणि तो कारखान्यातलाही आहे. क्वालिटी कंट्रोल, प्रोसेस कंट्रोल. ज्या मुलीचा स्वतःच्या अंगावरचा ताबा अधूनमधून सुटतो, तिला यंत्रापाशी कोण उभं करणार? फिटनेस सर्टिफिकेटवर कोण सही करणार? आपल्याकडे माणसं फिट येण्याचा आजार का लपवतात, ते या सभागृहात वेगळं सांगायला नको. म्हणजे गाण्यात एक मुलगी आहे, तिचा आजार आहे, तिला न मिळालेलं काम आहे, आणि टेबलाच्या पलीकडे बसून हे सगळं पाहणारा एक कारकून आहे.

पुढे काय झालं? डिसेंबर १९७८च्या अखेरीस कर्टिसलाच झटका आला, आणि जानेवारी १९७९ मध्ये अपस्माराचं निदान झालं. १८ मे १९८० रोजी, बँडचा पहिला अमेरिका दौरा सुरू व्हायच्या तोंडावर, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय वर्षं तेवीस. त्या दिवसापासून त्याच्या सगळ्या गाण्यांचा अर्थ जणू ठरून गेला. प्रत्येक ओळ म्हणजे त्याची शेवटची चिठ्ठी. ‘ती’ म्हणजे खरं तर ‘तो’च, असं लोक वाचू लागले.

या वाचनाला आमची हरकत आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. स्वतःला तोच आजार जडल्यावर ते शब्द गाताना त्या माणसाला काय वाटलं असेल, याची कल्पनाही करवत नाही. हरकत आहे ती या वाचनाच्या किमतीला. त्यात ती मुलगी नाहीशी होते. कामाच्या शोधात आलेली, पुढे यायची थांबलेली. एकदा ती जगातून गेली, आणि आता आपण तिला गाण्यातूनही काढून टाकतो, का, तर आपल्याला गायकाच्या घरात डोकवायचंय.

हा पेच आपल्याकडे फार जुना आहे. क्रौंचवधाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पक्ष्यांच्या जोडीतला एक बाणानं पडतो, दुसरा आक्रोश करतो, आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक होतो. आनंदवर्धनांनी ‘ध्वन्यालोका’त ही गोष्ट घेतली, आणि त्यावरच्या ‘लोचन’ टीकेत अभिनवगुप्तांनी एक बारीक गोष्ट सांगितली. हा शोक मुनींचा खासगी शोक आहे असं समजू नका. मुनी स्वतःच दुःखानं व्याकूळ झाले असते तर श्लोक सुचला कसा असता? पक्ष्याचं दुःख पाहून मन द्रवलं, ते दुःख ‘माझं’ही राहिलं नाही आणि ‘त्याचं’ही राहिलं नाही, तेव्हा करुण रस झाला. याला साधारणीकरण म्हणतात. साधारण म्हणजे सामायिक, सगळ्यांच्या मालकीचं. रोजगार कार्यालयातला तो कारकून आणि ती मुलगी यांच्यात हेच घडलं, असं आम्ही म्हणू.

इथे कुणीतरी उठून म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, “सर, हे तुमचं शास्त्र ठीक आहे. पण त्याच्या मित्रांनी वेळीच ओळी नीट वाचल्या असत्या तर?” प्रश्न सोपा नाही. बँडमधल्या सोबत्यांनी नंतर सांगितलं, की आम्ही शब्दांकडे फारसं लक्षच दिलं नाही, तो दुसऱ्या कुणाबद्दल लिहितोय असं आम्हाला वाटत होतं. म्हणजे आम्ही जे वाचन सुचवतोय तेच त्यांनी केलं, आणि मित्र गमावला. मग?

आमचं उत्तर असं. त्या वसंतात कर्टिसची अवस्था कळायला गाण्यांची गरज नव्हती. झटके रंगमंचावर, सगळ्यांसमोर येत होते. संसार मोडायला आला होता. एप्रिल १९८० मध्ये त्यानं एकदा जीव द्यायचा प्रयत्नही केला होता. जे दिसायला हवं होतं ते गाण्याच्या बाहेर, माणसात उघडं पडलेलं होतं. माणूस समोर बसलेला असताना त्याच्या गाण्याला ‘याला काय झालंय?’ विचारणं हा लांबचा रस्ता झाला. सरळ माणसाला विचारावं. मित्रांना दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. विशी-बाविशीची पोरं होती ती.

आता मराठीत येऊ. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे. त्यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत १९८९च्या ‘निवडुंग’ चित्रपटात आली आणि घराघरांत पोचली. यातली ‘ती’ कोण, यावर आजही वाद झडतात. ती आई आहे, हे कविताच सांगते. वाद आहे तो पुढचा. ती वारली, की घर सोडून गेली? मग शोध सुरू होतो कवीच्या घराचा, नात्यांचा. आम्ही म्हणतो, आधी आपल्या भाषेकडे बघा. मराठीत ‘गेली’ म्हणजे निघून गेली आणि ‘गेली’ म्हणजे वारली. एकच क्रियापद. मोठ्यांना त्यात दोन अर्थ दिसतात. दारात उभ्या असलेल्या पोराला एकच दिसतो, की आई घरात नाही. कविता त्या पोराच्या उंचीवरून पाहते. पुरावा आणून तुम्ही एक अर्थ पक्का केलात, तर ते पोर तिथे उभं राहत नाही. उरते एक कौटुंबिक बातमी.

आणि तिसरी ‘ती’, जी या पट्ट्याच्या सर्वांत जवळची. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’. वाटेगावचे अण्णाभाऊ मुंबईत आले, गिरणीत राबले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ही छक्कड लिहिली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतो. ऐकणारा गिरणी कामगार म्हणतो, ही तर माझीच गोष्ट! आणि तो असा गुंतला असताना शाहीर शेवटाकडे गाणं वळवतात. बेळगाव, कारवार हा तुटून राहिलेला मुलूखही त्या मैनेसारखाच विरहात आहे, असा अर्थ उघडतो. इथे दुसरा अर्थ बाहेरून कुणी चिकटवला नाही, गाण्यानं तो स्वतः उघडून दाखवला. आणि दुसरा कळल्यावर पहिला खोटा ठरत नाही. बायको बायकोच राहते, मुलूखही मुलूख राहतो. मैदानातल्या सभेत शाहिराच्या खासगी संसाराची चौकशी करावी, असं कुणाला वाटलं असेल का? प्रत्येकाची मैना आपापल्या गावी होती.

आता आपला पट्टा पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एच.ए., उभी राहिली, मग एकेक कारखाना आला, १९८२ला महापालिका झाली, आणि रांग चाकणपर्यंत पोचली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला आयटीआयचा मुलगा आज खोलीत चौघांबरोबर कॉट बेसिसवर राहतो. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, पुन्हा नवा कॉन्ट्रॅक्टर. त्याच्या वाट्याला मैदानातली सभा नाही आणि शाहीरही नाही. त्याच्याकडे मोबाईल आहे आणि कानात घालायचं ते यंत्र. मँचेस्टरच्या कुणा कारकुनानं, त्याला न कळणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत, न थांबणाऱ्या ठोक्यावर काही म्हटलेलं त्याला आपलं वाटतं. आम्हाला यात आजार दिसत नाही. अभिनवगुप्तांचं साधारणीकरण नाईट शिफ्टनंतर, सकाळी साडेसातला, कंपनीच्या बसमध्येही होऊ शकतं.

मात्र एक फरक आहे, आणि तो आम्हाला टोचतो. ‘माझी मैना’ ऐकताना शेजारचाही डोळे पुसत होता आणि ते दिसत होतं. इथे चौघे चार कॉटवर, चौघांच्या कानात चार गाणी, आणि कुणाचं कुणाला ठाऊक नाही. दुःख सामायिक झालं, पण एकेकट्यापाशी. म्हणून तरुण मित्रांना सांगणं असं, की उदास गाणी जरूर ऐका, फक्त एखादं कानातलं काढून खोलीत मोठ्यानं लावा. ‘यातली ती कोण असेल रे?’ असं शेजारच्याला विचारा. उत्तर चुकलं तरी चालेल, गप्पा तर होतील.

आणि आई-वडिलांना सांगणं असं. मुलाच्या गाण्यांच्या यादीवरून त्याच्या मनाचं निदान करू नका. उदास गाणी ऐकणारा मुलगा ठणठणीत असू शकतो आणि लग्नाच्या वरातीत नाचणारा आतून मोडलेला असू शकतो. झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं बंद झालं, जगण्यात अर्थ नाही असं तोंडून निघालं, तर गाण्याचा अर्थ लावत बसू नका. जवळ बसा आणि थेट विचारा. विचारल्यानं वाईट विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरात सगळं ठीक असेल, तर मुलाकडून ते गाणं मागून घ्या आणि एकदा शेवटपर्यंत ऐका. शब्द कळले नाहीत तर त्यालाच विचारा. तो सांगताना अडखळेल, इंग्रजीचं मराठी करताना डोकं खाजवेल, आणि त्या ओघात कदाचित स्वतःचंही दोन वाक्यं बोलून जाईल. ती ऐका.

थांबतो. पुढच्या व्याख्यानात ‘साधारणीकरण’ हीच संकल्पना भट्टनायकापासून सविस्तर पाहू.