गिळण्याच्या स्नायूंचे रेखन : एक चिकित्सा

मुख व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार करताना ग्रसनीचे संकोचक स्नायू जपावेत, हा विचार आइसब्रुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली साधार मांडला. परंतु जे जपावयाचे ते कोठून कोठवर आहे, याविषयीच एकवाक्यता नसेल तर जपणुकीची भाषा फोल ठरते. सीटी चित्रात हा स्नायू काही मिलिमीटर जाडीच्या पट्टीसारखा दिसतो. शेजारच्या ऊतींतून त्याची कड नीट उठून दिसत नाही. म्हणून रेखन हाडांच्या व कूर्चांच्या खुणांवर विसंबते.

ग्रोनिंगन येथील ख्रिस्टियानेन प्रभृतींची २०११ ची मार्गदर्शिका या दृष्टीने मोलाची आहे. वरचा संकोचक टेरिगॉइड फलकांच्या खालच्या टोकांपासून मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या खालच्या कडेपर्यंत, मधला तिसऱ्या मणक्याच्या वरच्या कडेपासून कंठिकास्थीच्या खालच्या कडेपर्यंत, असा हिशेब तिने घालून दिला. पुढे २०१५ साली ब्रौवर प्रभृतींनी अनेक देशांतील संशोधक-गटांच्या सहमतीने तिन्ही भाग मिळून एकच अवयव मानला. सोय झाली खरी. पण हे एकीकरण आम्हांस पटत नाही. लांब अवयवाच्या सरासरीत एका भागास लागलेली मोठी मात्रा बुजून जाते. समजा, एकाने ४ सेंटिमीटर स्नायू रेखिला व त्याची सरासरी मात्रा ६० ग्रे भरली. दुसऱ्याने त्यास ३० ग्रे मिळणारा आणखी २ सेंटिमीटर भाग जोडला, तर जाडी सारखी धरल्यास सरासरी ५० ग्रेवर येते. रुग्णाच्या गळ्यात मात्र काहीही बदललेले नसते!

उदाहरण कल्पित असले तरी निरुपद्रवी नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील ११२ रुग्णांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'डार्स' चाचणीत लक्ष्यक्षेत्राबाहेरील स्नायूस हीच ५० ग्रेची मर्यादा होती, आणि वरचे दोन भाग व खालचा भाग वेगवेगळे मोजले होते. स्नायू जपलेल्या गटाची गिळण्याविषयीची गुणसंख्या बारा महिन्यांनी सरासरी ७७.७, दुसऱ्या गटाची ७०.६ भरली. रेखनच भिन्न असेल तर हा लाभ आपल्या रुग्णाच्या पदरी पडेल, असे कोणत्या आधारे म्हणावे?

वऱ्हाडापुरता प्रश्न अधिक बिकट आहे. खर्र्याच्या व्यसनामुळे अमरावती-अकोल्याकडे गालाचा व हिरडीचा कर्करोग पुष्कळ आढळतो. त्यात आधी शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, हा क्रम रूढ आहे. रोग खोलवर गेलेला असल्यास त्या बाजूचे टेरिगॉइड फलकही काढावे लागते. म्हणजे मार्गदर्शिकेची पहिली खूणच नाहीशी होते. अशा वेळी दुसऱ्या बाजूचे फलक प्रमाण धरावे व तसे नियोजनपत्रात स्पष्ट लिहावे, असे आमचे मत आहे. शस्त्रक्रिया मुंबईस, किरणोपचार नागपुरास आणि पुढील तपासणी अकोल्यास, अशी ज्याची वाटचाल असेल त्याच्याबाबतीत ही नोंद अनिवार्यच होय.

फलनिश्चितीतही सावधगिरी हवी. सुपारीने तोंडच उघडेनासे झालेल्या रुग्णाचे जेवण तुटले, तर तो दोष संकोचकाच्या माथी मारता येत नाही. कोरडी भाकर गिळता येते, की वरणात कुस्करूनच खावी लागते, हे किरणोपचारापूर्वीच विचारून नोंदलेले असावे.