संगणक-आज्ञावलीच्या राखीव प्रती आणि प्रताधिकार कायदा : जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
१९९० च्या दशकात मराठी अक्षरजुळणी मोठ्या प्रमाणावर संगणकावर आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशा आज्ञावलींनी स्मरणिका, प्रबंध व छोट्या प्रकाशकांची पुस्तके यांची छपाई सुलभ केली. सोलापूर जिल्ह्याचे त्या काळातील संशोधनही याच वाटेने गेले. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील प्रबंध कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे सादर होत. त्यांच्या छापील प्रती तेथे गेल्या. जुळणीच्या फ्लॉप्या मात्र लेखकांच्या व जुळणीकारांच्या कपाटांत राहिल्या.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक उत्पादकाची अक्षरसंकेत-पद्धती निराळी होती. त्यामुळे मूळ फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. काही आज्ञावली तर समांतर पोर्टला जोडलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय सुरूच होत नसत; आजच्या संगणकांत ते पोर्ट सहसा आढळत नाही. मजकूर लेखकाचा, पण किल्ली दुसऱ्याची, अशी ही स्थिती आहे.

कायद्यातील तरतुदी :
१९८४ च्या दुरुस्तीने संगणक-आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत झाला. म्हणजे प्रबंध आणि तो उघडणारी आज्ञावली या दोन्ही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीच होत. प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एए) कायदेशीर धारकास राखीव प्रत करण्याची मुभा देते. मात्र ती प्रत नाश वा हानीपासून निव्वळ तात्पुरते संरक्षण म्हणून आणि मूळ प्रयोजनापुरतीच असावी लागते. १९९९ च्या दुरुस्तीने आलेला ‘एडी’ हा खंड अव्यावसायिक वैयक्तिक वापरासाठी प्रत करू देतो. संस्थेला त्याचा आधार घेणे कठीण आहे.

येथे ‘तात्पुरते’ हा शब्द चिंत्य आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. फ्लॉपी तेवढी टिकत नाही. मग तात्पुरते म्हणजे किती काळ, याचे उत्तर कायद्यात नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणुकीची सवलत दिली. परंतु कलम ५२(१)(एन) नुसार त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाकडे आधीच असावी लागते. कागदावरील ग्रंथाला हे संरक्षण मिळते. जी आज्ञावली जन्मतःच अंकीय आहे, ती मात्र या सवलतीबाहेर राहते. हा या तरतुदीतील सर्वांत गंभीर दोष होय.

इम्युलेटरचा प्रश्न :
इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर घडविणारी आज्ञावली. स्वतंत्रपणे लिहिलेला इम्युलेटर हा स्वतः प्रताधिकारभंग ठरत नाही. अमेरिकेतील सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (२०००) या खटल्यात अपिलीय न्यायालयाने इम्युलेटर घडविताना केलेल्या मधल्या प्रतींनाही न्याय्य वापर मानले. तथापि, इम्युलेटरमध्ये चालणारी विंडोजसारखी प्रणाली व जुळणीची आज्ञावली या स्वतंत्र कृती असून त्यांचा परवाना आवश्यकच असतो.

हार्डवेअर लॉकविषयी अमेरिकेत २००३ मध्ये स्पष्ट सूट देण्यात आली : लॉक नादुरुस्त व कालबाह्य असल्यास तो टाळता येईल. भारतीय कलम ६५ए मध्ये हार्डवेअर लॉकसाठी अशी स्पष्ट सूट नाही. ते हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण-उपाय मोडण्यास शिक्षा सांगते. स्वतःचाच प्रबंध वाचण्यासाठी लॉक ओलांडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा नाही, असा युक्तिवाद येथे निश्चित करता येतो. परंतु युक्तिवाद करता येणे आणि निर्धास्त असणे यांत अंतर आहे. या अंतरामुळेच संस्था हात आखडता घेतात आणि मजकूर नष्ट होतो.

निष्कर्ष :
कायदा आज्ञावलीच्या मालकाचे हित पाहतो. तिच्यात अडकलेल्या मजकुराच्या लेखकाचा विचार त्यात दिसत नाही. कलम ५२(१)(एन) मधील अंकीय नसलेल्या प्रतीची अट काढून टाकणे व ‘तात्पुरते’ या शब्दाऐवजी जतनाचा स्पष्ट उल्लेख करणे अगत्याचे आहे. तोवर महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मूळ डिस्क, लॉक, परवाना व खरेदीची पावती एकत्र जपावी आणि यंत्र चालू आहे तोपर्यंत मजकूर युनिकोडमध्ये आणावा. लेखकाच्या संमतीने त्याच्या मजकुराचे असे रूपांतर करताना आज्ञावलीची प्रत करावी लागत नाही; म्हणून कायद्याच्या भीतीने हे काम लांबविण्याचे कारण नाही.