घड्याळ पुसलेला फोटो

अमेरिकेत ‘मी इंडियन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला इंडियन? अन्नू मॅथ्यू या छायाचित्रकर्तीनं या प्रश्नावर अख्खी मालिका रचलीय. तिचा जन्म इंग्लंडमधला, वाढली भारतात, स्थायिक झाली अमेरिकेत. 2001 पासून केलेल्या ‘अ‍ॅन इंडियन फ्रॉम इंडिया’मध्ये फोटोंच्या जोड्या आहेत. एकीकडे अमेरिकेतल्या आदिवासीचा जुना फोटो, शेजारी त्याच पोझमध्ये, त्याच तपकिरी छटेत खुद्द अन्नू. एका जोडीचं नाव ‘फेदर इंडियन, डॉट इंडियन’. म्हणजे पिसंवाला आणि टिकलीवाली. हसू येतंच.

मोबाईलवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे काय, फिल्टर तर आम्हीही लावतो. मग एडवर्ड कर्टिसबद्दल वाचलं. आदिवासींवरचा त्याचा वीस खंडांचा ग्रंथ 1907 ते 1930 या काळात निघाला. तंबूत बसलेल्या एका बापलेकाच्या फोटोत दोघांच्या मधे चक्क घड्याळ होतं. छापताना त्यानं ते पुसून टाकलं. आदिवासीकडे घड्याळ दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल! तेव्हापासून मला अन्नूचं एडिटिंग वेगळं दिसायला लागलं. कर्टिसनं लपवून केलं ते ती सगळ्यांसमोर, स्वतःच्या चेहऱ्यावर करते.

पण एका जोडीपाशी मी अडतो. टॉम टोर्लिनो हा नवाहो तरुण 1882 मध्ये कार्लाइलच्या शाळेत आला. त्याचा तेव्हाचा फोटो आणि तीन वर्षांनंतरचा, केस कापून, सूट घालून काढलेला. मुलांमधलं आदिवासीपण पुसणं हेच त्या शाळेचं काम होतं. त्याशेजारी अन्नू स्वतःचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ ठेवते. आपल्या मर्जीनं परदेशी गेलेल्या बाईचा बदललेला पेहराव आणि टॉमचे कापलेले केस एका मापात कसे बसतील? फोटो काढून झाला की ती घरी जाते. इथं मला तिचा विनोद तोकडा वाटतो.

हे खुपतं, कारण मी यवतमाळचा. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांत कोलामांची नोंद आहे : मुख्यतः यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात राहणारी जमात. त्याच ग्रंथात बंजारा बायकांचा फोटो आहे. खालच्या ओळीत त्यांच्या डोक्यावरच्या शिंगाचा उल्लेख आहे. बायकांची नावं नाहीत.

शाळेत माझ्या वर्गात पोडावरून येणारी एक कोलाम मुलगी होती. गॅदरिंगच्या नाचात सरांनी तिलाच पुढं उभं केलं आणि डोक्यावर पुठ्ठ्याच्या पिसांचा टोप चढवला, इंग्रजी पिक्चरमधल्यासारखा. ‘आमच्याकडं असं नसते जी,’ ती हळूच म्हणाली. सर म्हणाले, स्टेजवर असंच लागतं. तो फोटो बरेच दिवस हॉलमध्ये लटकत होता. खाली लिहिलं होतं : आदिवासी नृत्य, प्रथम क्रमांक.