पटावरील आरमार : एका रूपांतराचें परीक्षण

रूपांतर ही गोष्ट आमच्या वाङ्मयास नवी नाहीं. कै. गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं शेक्सपीअरच्या ऑथेल्लोस 'झुंझारराव' हें नांव आणि मराठी पोषाख दिला. परकी कृति आपल्या घरीं आणतांना काय राखावें, काय टाकावें आणि काय नव्यानें घडवावें, हा प्रश्न तेव्हांहि होता आणि आजहि आहे. परंतु तो केवळ नाटक-कादंबरीपुरताच नाहीं. खेळाचे नियम हीहि एक रचनाच असते. तिलाहि आशय असतो आणि तिचेंहि रूपांतर चांगलें किंवा वाईट होऊं शकतें. अशाच एका रूपांतराचें परीक्षण करण्याचा या लेखांत विचार आहे.

परीक्षणाचा विषय छापील ग्रंथ नसून यवतमाळच्या चार विद्यार्थ्यांनीं लिहिलेली एक वही आहे. हे विद्यार्थी कित्येक दिवस टेबलावर भूमियुद्धाचा एक साधा खेळ खेळत असत. एक मोजपट्टी, एक फांसा आणि शिशाचे शिपाई एवढेंच त्याचें साहित्य. पायदळानें एका पाळींत सहा इंच चालावें, घोडदळानें बारा. ज्याच्यावर नेम धरला तो पल्ल्यांत असल्यास फांसा टाकावा आणि पांच किंवा सहा पडल्यास शत्रूचा एक गडी उचलावा. सारे नियम कागदाच्या एका बाजूवर मावत. हाच साधेपणा कायम ठेवून आपल्या इतिहासांतील एखादें आरमारी युद्ध पटावर आणावें अशी त्यांना हौस वाटली, आणि त्यांनीं १६७९ सालचा खांदेरीचा संग्राम निवडला. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या वऱ्हाडांत बसून त्यांनीं हें धाडस केलें, याचें प्रथम कौतुक केलें पाहिजे. मात्र कौतुक म्हणजे परीक्षण नव्हे.

ज्या साध्या नियमांपासून या मुलांनीं आरंभ केला त्यांचें कुळ मोठें आहे. प्रशियाच्या राइसविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशा, फांसे आणि पंच यांच्या साह्यानें लष्करी अधिकाऱ्यांसाठीं युद्धखेळाची पद्धति सिद्ध केली. तिचे नियम इतके विस्तृत होते कीं तो खेळ म्हणजे एक अभ्यासक्रमच होता. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स यानें 'लिटल् वॉर्स' हें छोटें पुस्तक लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. त्यांत पायदळ एक फूट आणि घोडदळ दोन फूट चालतें. स्प्रिंगच्या खेळण्यांतल्या तोफेनें लाकडी गोळी मारावयाची आणि जो शिपाई पडला तो मेला. वेल्सचें खरें चातुर्य त्यानें काय घातलें यापेक्षां काय गाळलें यांत आहे. रसद, भूक, आजार हें सारें वगळून त्यानें एकच प्रश्न खेळणाऱ्यापुढें ठेवला : आपले गडी केव्हां पुढें घालावे आणि केव्हां आडोशास ठेवावे? साधा नियम तोच चांगला, जो एका खऱ्या प्रश्नासाठीं बाकीच्यांचा त्याग करतो.

आतां वहीकडे वळूं. विद्यार्थ्यांनीं आपल्या पहिल्या मसुद्यांत पायदळाच्या जागीं गलबत, घोडदळाच्या जागीं गुराब आणि टेकडीच्या जागीं बेट अशी नांवें घातलीं, आणि नियम होते तेच ठेवले. हें रूपांतर नव्हे, नामांतर आहे. बुद्धिबळाच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण आहे. आमच्या पटावर कोपऱ्यांत हत्ती उभा असतो. नद्यांच्या बंगालमध्यें त्याच सोंगटीस नौका म्हणतात. पण ती नौका आमच्या हत्तीप्रमाणेंच सरळ चालते, वाटेल तेथें थांबते आणि आल्या वाटेनें परत फिरते. तिला ना वारा लागतो, ना पाणी. बुद्धिबळांत यानें बिघडत नाहीं, कारण तेथें सोंगटीचें नांव ही केवळ खूण असते. पण ज्या खेळाचा दावा "हें खांदेरीचें युद्ध आहे" असा आहे, त्याला ही सवलत कशी द्यावी?

भूमीचे नियम समुद्रावर तीन ठिकाणीं अडतात. पहिलें गतीचें. शिपाई थांबतो आणि जागच्या जागीं वळतो. जहाज तसें करूं शकत नाहीं. हें समजण्यास समुद्रच पाहिला पाहिजे असें नाहीं. पैनगंगेला पाणी चढलें असतां डोंगा पैलतीरीं नेणारा नावाडी ज्या घाटावर उतरावयाचें त्याच्या बऱ्याच वरच्या अंगास डोंग्याचें तोंड धरतो. आपण कोठें आहों यापेक्षां पाणी आपल्याला कोठें नेणार आहे, हें त्याला आधीं पाहावें लागतें. आरमारी खेळाची पहिली कसोटी हीच : खेळणाऱ्याला या पाळीची चाल करतांना पुढच्या दोन पाळ्यांची चिंता पडते कीं नाहीं?

दुसरी अडचण तोंडाची. शिपाई जिकडे पाहतो तिकडे बंदूक झाडतो. पण शिडाच्या युद्धनौकेच्या बहुतेक तोफा तिच्या दोन्ही कुशींत असत. समोरून किंवा मागून आलेल्या शत्रूपुढें ती जवळजवळ निःशस्त्र असे. पोलादी नौकांच्या काळांत तोफा फिरत्या बुरुजांत बसल्या, तरी ही गोष्ट पुरती नाहींशी झाली नाहीं. २७ मे १९०५ रोजीं त्सुशिमाच्या सामुद्रधुनींत ॲडमिरल टोगो यानें शत्रूच्या तोफांखालीं आपली रांग वळविण्याचें साहस केलें तें एवढ्याचसाठीं, कीं आपल्या नौकांच्या एका कुशीच्या तोफा एकाच वेळीं रशियन रांगेच्या तोंडावर धरतां याव्या. ज्या खेळांत प्रत्येक सोंगटी चोहोंकडे सारखाच मारा करते, त्यांत टोगोचें तें वळण निव्वळ वेडेपणा ठरेल.

तिसरी अडचण हानीची. शिपाई जिवंत तरी असतो किंवा मेलेला तरी. म्हणून एक फांसा पुरतो. जहाज मात्र थोडथोडें मरतें. डोलकाठी मोडली तर गति जाते, सुकाणू तुटलें तर दिशा जाते, आणि तोफा निकामी झाल्या तरी तें तरंगत राहतें. लंगडें झालेलें जहाज सोडून जावें कीं त्याच्या रक्षणार्थ सारें आरमार थांबवावें, हा सागरी युद्धांतला अत्यंत कठोर प्रश्न आहे. आणि "पांच-सहा पडल्यास उचला" हा नियम तो विचारूंच देत नाहीं.

पाश्चात्य देशांत ज्यांनीं या अडचणींशीं झुंज घेतली त्यांच्यापैकीं दोघांचा उल्लेख येथें उपयोगी पडेल. फ्रेड जेन यानें १८९८ मध्यें आपला आरमारी युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक युद्धनौकेचा चिलखतासह आराखडा कागदावर असे, आणि टांचणी बसविलेल्या एका फळीनें त्यावर टोला मारून गोळा नेमका कोठें लागला तें ठरवीत. हानीचा प्रश्न त्यानें प्रामाणिकपणें सोडविला. पण त्यासाठीं प्रत्येक जहाजाची इतकी माहिती गोळा करावी लागली कीं खेळाच्या मागें जगांतील नौकांचा कोशच उभा राहिला. उलट अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट यानें एका युक्तीवर सारा भार दिला. जमिनीवर मांडलेल्या प्रतिकृतीपर्यंतचें अंतर खेळणाऱ्यानें नुसत्या नजरेनें इंचांत सांगावयाचें, आणि मग फीत लावून मोजावयाचें. अंदाज चुकला कीं गोळा पाण्यांत. जसजसे घाव बसतील तसतशी जहाजाची गति आणि तोफा कमी व्हावयाच्या. येथें फांशाची जागा खेळणाऱ्याच्या डोळ्यानें घेतली, आणि तोफखान्यावरील अधिकाऱ्याची धाकधूक दिवाणखान्यांत आली. रूपांतरकार म्हणून आम्ही प्रॅटला जेनपेक्षां वरची जागा देऊं. कारण जेननें युद्धनौकेचें वर्णन केलें, प्रॅटनें तिच्यावरील मनुष्याची अवस्था पकडली.

या कसोट्या हातीं घेऊन खांदेरीकडे यावें. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या समोर असलेल्या या लहानशा बेटावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें १६७९ च्या पावसाळ्याअखेर तटबंदीचें काम सुरू केलें, आणि इंग्रजांनीं बेटाला वेढा घालण्यासाठीं जहाजें पाठविलीं. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाच्या हाताखालील मराठी गलबतें त्यांच्यावर तुटून पडलीं. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. त्यांच्या कित्येक होड्या पळाल्या. परंतु केग्विन ज्यावर होता त्या 'रिव्हेंज' फ्रिगेटनें जवळजवळ एकटीनें तोंड दिलें आणि अखेर मराठी गलबतांनाच नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली. तरीहि १६८० च्या आरंभीं बेटावरून निघून गेले ते इंग्रज!

विद्यार्थ्यांच्या नियमांनीं हें कोडें सुटेना. खेळ मांडला कीं दर वेळीं 'रिव्हेंज' गलबतांचा चुराडा करी आणि मराठे हरत. तेव्हां त्यांनीं एक नवें कलम घातलें : मराठी गलबताच्या फांशांत 'शौर्याचा' एक गुण मिळवावा. त्यासरशीं मराठे जिंकूं लागले आणि मुलांचें समाधान झालें.

या संपूर्ण वहींत आम्हांस आक्षेपार्ह वाटलेलें कलम हेंच. तें आमच्या पूर्वजांचा गौरव करतें असें दिसतें, पण वस्तुतः तें त्यांचा विचार करण्याचें नाकारतें. ज्या ठिकाणीं "हें त्यांनीं कसें साधलें?" असा प्रश्न विचारावयाचा, त्या ठिकाणीं तें एक गुण देऊन मोकळें होतें. शौर्य मराठ्यांत होतें, तसें 'रिव्हेंज'वरील माणसांतहि होतें. तें दोहोंकडे होतें म्हणूनच त्यानें निकालाचा उलगडा होत नाहीं. आमच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांचा हाच दोष आहे. नायक संकटांत सांपडला कीं लेखक त्याच्या फांशांत एक गुण मिळवितो.

उलगडा नौकांच्या घडणींत आणि त्यांच्या हेतूंत होता. अठराव्या शतकांतला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ओर्म यानें आंग्र्यांच्या गुराबांचें आणि गलबतांचें वर्णन करून ठेवलें आहे. गुराबेच्या पुढच्या टोंकास समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत सत्तर टनांहून मोठें नसे आणि त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला कीं गलबतें गुराबांस ओढून नेत, आणि शत्रूच्या कुशीसमोर न जातां पिछाडीकडून त्याच्या डोलकाठ्यांवर गोळे टाकीत. खांदेरी हा आंग्र्यांच्या आधींच्या पिढींतला प्रसंग. पण उथळ तळाचीं, वल्ह्यांनीं चालणारीं हलकीं गलबतें हें बळ तेव्हांहि होतें. त्यांच्याच जोरावर रात्रीच्या अंधारांत बेटावर माणसें आणि सामान पोंचत राहिलें, आणि खोल पाण्यावांचून व वाऱ्यावांचून असहाय असलेल्या इंग्रजी जहाजांस तें थांबवितां आलें नाहीं.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना शौर्याचें कलम खोडून त्याऐवजीं चार ओळी लिहिण्यास सांगितलें. जहाजानें प्रत्येक पाळींत मागील पाळीच्या निम्मे अंतर तरी सरळ गेलेंच पाहिजे. फ्रिगेटनें फक्त कुशींतून मारा करावा, गुराबेनें समोरूनहि. पाळीच्या आरंभीं फांशानें वारा ठरवावा. वारा पडल्यास वल्हीं असलेल्या नौकाच हलतील. आणि अखेरचें, सर्वांत महत्त्वाचें : जयापजय बुडालेल्या जहाजांवरून न मोजतां, बेटावर पोंचलेल्या सामानाच्या खेपांवरून मोजावा. नियम अजूनहि कागदाच्या एकाच बाजूवर मावतात.

त्या रात्रीं एका विद्यार्थ्यानें खिन्नपणें विचारलें, "सर, शौर्य काढून टाकलें तर आपल्या लोकांचा कमीपणा नाहीं का होणार?" उत्तर देण्यापूर्वीं आम्ही त्यालाच मराठी बाजू घेऊन खेळण्यास बसविलें. दुसऱ्या पाळीस त्याची तीन गलबतें 'रिव्हेंज'च्या कुशीसमोर सांपडलीं आणि गेलीं. पुढें त्यानें घाई सोडली, दोन पाळ्या वाऱ्याची वाट पाहिली, आणि वारा पडतांच उरलेलीं गलबतें शत्रूच्या पिछाडीनें बेटाकडे काढलीं. तो लढाई हरला. परंतु खेपा पोंचल्या. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें उमटलें त्याला अभिमान म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. अंधारांत, गोळ्यांच्या पल्ल्यांतून, वल्हीं मारीत गेलेल्या अनाम खलाशांना काय करावें लागलें असेल याची ती पहिली जाणीव होती. मग त्यानें आपण होऊन एक सूचना केली : जीं तीन गलबतें गेलीं तीं पेटींत न टाकतां पटाच्या कडेस ठेवावीं, म्हणजे खेपांची किंमत डोळ्यांसमोर राहील.

वेल्सनें आपल्या पुस्तकाच्या शेवटीं, या चिमुकल्या युद्धावरून खरें युद्ध किती आंधळें आणि अवाढव्य असेल याची कल्पना करावी, अशा अर्थाचा इशारा दिला होता. आणि दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. खेळानें युद्ध टळत नाहीं, हें उघड आहे. पण चांगला नियम खेळणाऱ्याला खोटा विजय मिळूं देत नाहीं, एवढी शिकवण त्यांत खचित आहे. विद्यार्थ्यांच्या वहीचा पहिला मसुदा हें नामांतर होतें. दुसरा, आमच्या मतें, रूपांतर या नांवास पात्र झाला आहे. त्यांत अजून उणिवा आहेत : भरती-ओहोटीचा विचार नाहीं, आणि रात्रीच्या अंधारांत शत्रूची नौका दिसूं नये अशी सोयहि नाहीं. त्या त्यांनीं दूर कराव्या. आणि कडेस ठेवलेल्या त्या तीन गलबतांची सूचना मात्र पुढच्या मसुद्यांत नियम म्हणून लिहावी.